झाडीपट्टीतली भरतभेट

धान घरात आलं की झाडीपट्टीला नाटकाचे वेध लागतात. दिवाळीपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, पाठोपाठ नाटकं, दंडारी, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि हे थेट होळीपर्यंत चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असा हा पूर्व विदर्भाचा पट्टा. नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावकरी तिथे जाऊन तारीख पक्की करतात आणि त्या रात्री घरोघरी पाहुणे उतरतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. आम्हा नागपूरकरांना ती दोन-तीन तासांवर आहे आणि तरी आमच्यातले कितीतरी लोक तिकडे कधी गेलेले नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी गेले होते ते मात्र नाटकासाठी नाही, एका शिबिरासाठी. नागभीड तालुक्यातल्या एका गावात निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, दर जानेवारीत शनिवार-रविवार धरून वीसेक माणसांना घरी बोलावतात. बोलायचं कशावर, तर आत्मा, नवनिर्मिती आणि माणूस म्हणून जगणं. फी नाही. अंथरूण-पांघरूण आपलं आणि थोडा शिधा आणायचा, बस.

शुक्रवार

गणेशपेठ स्टँडवरून दुपारची एसटी. उमरेडपर्यंत कोळशाचे ट्रक, भिवापूरला मिरची, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना जंगल जवळ येत जातं. शेजारी नागभीडच्या एक आजी होत्या. नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, रुंद मार्गाचं काम निघालं, त्याबद्दल त्या बोलत होत्या. "गाडी हळू जाये, पन मानूस बोलत जाये," म्हणाल्या, आणि भिवापूरपासून नागभीडपर्यंत बोलतच आल्या.

गावात पोचेस्तोवर ऊन कललं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, धसकटं आणि त्यांच्यातून वर आलेली हिरवीगार लाखोरीची डाळ. या पद्धतीला इथे उतेरा म्हणतात. धान उभं असतानाच ओल्या चिखलात लाखोरी नाहीतर जवस फेकून द्यायचं. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही. धान कापलं की खालची ओल धरून दुसरं पीक उठतं. गुरुजींचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. अंगणात तणसाचा ढीग, पडवीत चुलीवर चहा.

संध्याकाळी सगळे गोल करून बसलो. शिबिर चालवायला पुण्याहून एक ताई आल्या होत्या, मुलांना नाटक शिकवतात. त्यांनी एकच नियम सांगितला: आडनाव सांगायचं नाही, कामधंदा सांगायचा नाही. सांगायचं ते एवढंच, की अलीकडे आपण कशासाठी थांबलो. सुरुवातीला कोणी बोलेना. मग वर्धेच्या एक सिस्टर बोलल्या (सिस्टर आहेत हे दुसऱ्या दिवशी कळलं). रात्रपाळीत एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून ठेवला होता आणि वॉर्डात दुसरीकडे बोलावणं आलं तरी त्यांनी तो सोडवून घेतला नव्हता. त्यानंतर बांध फुटावा तसे लोक बोलत गेले. एका तरुण इंजिनिअरने सांगितलं की वडील गेल्यापासून तो चित्रं काढतो आणि घरात कोणालाच दाखवत नाही. मी कवितांबद्दल बोलले. त्या माझ्याही घरात कोणी ऐकलेल्या नाहीत.

अनोळखी माणसांपुढे बोलणं सोपं जातं, हा अनुभव बहुतेकांना असेल. ज्यांना आपला इतिहास ठाऊक नाही त्यांच्यापुढे आपण हवे तेवढे मोकळे होतो. मला ती संध्याकाळ फार आवडली. पण जेवताना गुरुजी पोपटाच्या शेंगांची भाजी वाढता वाढता म्हणाले, "इथे बोललात, चांगलं झालं. पन घरी कोन ऐकते तुमचं?" पोपट म्हणजे इथला वाल. भाजी उत्तम होती. प्रश्न माझ्या ताटात तसाच राहिला.

शनिवार

उजाडताच पाळीवर गेलो. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले कितीतरी बांधले. मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले हे तलाव मालगुजारी संपवणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले, तेव्हापासून ते माजी मालगुजारी, बोलीभाषेत मामा तलाव. गुरुजींनी आम्हाला तुडूम दाखवलं, म्हणजे पाणी सोडायची जागा. तिथून पाट निघतो आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातो. वरच्याचं भरल्याशिवाय खालच्याला मिळत नाही. पाटाच्या कडेने चालत असताना दोन बांध्यांच्या मधला एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, इतरांपेक्षा उंच दिसला, ताजी माती चढवलेला. गुरुजी त्यावर काही बोलले नाहीत, पुढे चालले. ढिवर समाजाची माणसं पाण्यात जाळी ओढत होती, आणि पलीकडे बदकांचा थवा बसला होता.

तिथून गावातच एका घरी कोसा, म्हणजे टसर रेशीम, पाहायला. टसरच्या अळ्या घरात वाढत नाहीत. त्यांना जंगलात ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडांवर सोडतात आणि माणसं दिवसभर पाखरं हाकत राखण बसतात. कोष तयार झाले की उकळून मऊ करायचे. त्या घरातल्या वहिनींच्या पुढ्यात भगुण्यात शिजलेले कोष होते, बदामी रंगाचे, चिंब. त्यांनी चार-पाच कोषांची टोकं एकत्र धरली, साडी गुडघ्यावर सरकवून डाव्या मांडीवर तळहाताने पीळ दिला आणि दुसऱ्या हाताने धागा चौकटीवर गुंडाळला. पीळ, ओढ, गुंडाळी. हात थांबतच नव्हता. आमच्यातलं कोणीतरी भारावून म्हणालं, हे तर ध्यानच आहे.

वहिनींनी हात थांबवला आणि मांडी दाखवली. तळहाताएवढा भाग काळा पडून राठ झाला होता. "पावसाळ्यात चिघळते," एवढंच म्हणाल्या. केंद्रीय रेशीम मंडळाने मांडीवर सूत काढणं थांबावं म्हणून बुनियाद नावाचं यंत्र आणलं आहे. गावातल्या काही जणींकडे ते आलंय, यांचं यायचंय. "मशीन आली की बसून काढीन. मंग हात काय करतेत ते मलेबी पाहाले भेटन."

नवनिर्मितीवर बोलताना आपण हातमागाचे, चाकाचे, चुलीचे फोटो काढतो आणि अंगावरचा चट्टा फोटोबाहेर ठेवतो. मला वाटतं, त्या कामाबद्दलचा आदर खरा असेल तर त्या बाईचं अंग वाचावं ही इच्छा त्यात आधी हवी. कोपऱ्यात दोरीला ओवलेल्या कोषांच्या माळा टांगल्या होत्या. ते उकळत नाहीत. त्यांच्यातून पतंग बाहेर येतात, अंडी घालतात आणि पुढचं पीक सुरू होतं. सिस्टरांनी विचारलं, उकळताना आतल्या जिवाचं काही वाटतं का? वहिनी म्हणाल्या, "वाटते. म्हनून माळ पयले बाजूला काढतो, मंग बाकीचे." याच्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही. उत्तर पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही, पण ते रोज त्या भगुण्यासमोर बसणाऱ्या बाईचं होतं.

दुपारी मातीकाम आणि लिहिणं झालं. ते इतर कुठल्याही शिबिरात होतं तसंच झालं.

संध्याकाळी गावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होती, तिला सगळे गेलो. तुकडोजी महाराजांनी, म्हणजे यावलीत १९०९ साली जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंतांनी, खंजिरी हातात घेऊन हा विदर्भ पायाखाली घातला. ते १९६८ साली गेले, पण गावागावात प्रार्थना अजून ठरल्या वेळेला होते. समोर मूर्ती नव्हती. पांढरी चादर घातलेलं रिकामं आसन, बाजूला उदबत्ती. माणसं ओळीत बसली होती: भगव्या टोप्या, शाळेचे गणवेश, एक-दोन कडेवरची पोरं. मागून येणाऱ्याने मागे बसायचं, मग तो कोणीही असो.

रात्री जेवणाआधी आत्म्यावर चर्चा, आणि इथे शिबिराने खरी कूस बदलली. एक गृहस्थ बराच वेळ देह, मन, आत्मा असं समजावून सांगत होते. ते थांबल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या एक शिक्षिका बोलल्या. आवाज शांत, पण ठाम. "आम्ही बौद्ध. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर आहेत. धम्मात आत्मा मानत नाहीत. आमच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जुने स्तूप निघाले, म्हणजे हे न मानणंही या मातीत दोन हजार वर्षांचं आहे. आता मला सांगा, या विषयात मला जागा कुठे?"

क्षणभर सगळे अवघडले. काकू भाकरी थापत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "जागा हाये म्हनून तं बोलावलं." त्यावर हसू उठलं आणि मग बोलणं खोल गेलं. शिक्षिकाबाईंचं म्हणणं असं, की आत कायम टिकणारं काही आहे का यापेक्षा मी दुसऱ्याशी कशी वागते हे त्यांना महत्त्वाचं वाटतं. मैत्री आणि करुणा या रोज करून पाहायच्या गोष्टी आहेत, आणि त्यांना आत्म्याचा आधार लागत नाही. ते गृहस्थ म्हणाले, मग करुणा उपजते कुठून? बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं दुःख दिसण्यातून." माझा कल बाईंकडे आहे. आदल्या संध्याकाळी सिस्टरांनी हात सोडवून घेतला नाही तेव्हा त्यांना म्हाताऱ्याचा आत्मा दिसला असेल की त्याची भीती, हे त्यांनाच ठाऊक. हात मात्र धरलेला होता.

आणि मग दंडार.

मंडळ्यांची तिकिटाची नाटकं मोठ्या रंगमंचावर होतात. दंडार त्याहून जुनी आणि गावातलीच. नाचणारे, गाणारे, सोंग घेणारे सगळे गावचे पुरुष, बायांची कामंही तेच करतात. देवळासमोरच्या पटांगणात जांभळाच्या डहाळ्या रोवून पडदा केला होता, पात्रं त्यांच्यातून बाहेर यायची. पेटी, ढोलकी, टाळ. थंडी अशी की बायकांनी पोरांना पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कैकेयीचं काम करणारा माणूस सकाळी तलावात जाळं ओढत होता, आता त्याच्या ओठांना लाली आणि डोक्यावर जरीचा पदर. तो रागाने पाय आपटायचा तेव्हा पुढची पोरं खरोखर मागे सरकायची. मधूनच माईकवर बक्षिसं वाचली जात: अमक्याकडून दशरथाच्या पार्टाला अकरा रुपये, तमक्याकडून पेटीवाल्याला एकवीस.

मध्यरात्र उलटल्यावर भरतभेट आली. राम तरुण, उंच, आवाज मोकळा. भरत त्याच्याहून वयस्क, केस पिकलेला. वयाने मोठा भरत लहान रामाच्या पायाशी पडतो हे मला विचित्र वाटलं. शेजारी काकू बसल्या होत्या, त्यांनी कानात सांगितलं. दोघं सख्खे भाऊ. गळा चांगला म्हणून बापाने लहान्याला राम दिला आणि मोठ्याला भरत, आणि बाप गेल्यावरही पार्ट बदलले नाहीत. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं भांडण झालं, धुरा उंच झाला, आणि आता कैक वर्षं ते एकमेकांशी बोलत नाहीत. तालीमसुद्धा वेगवेगळी करतात.

भरत रडत रडत गात आला. रामाने त्याला उठवलं, छातीशी धरलं, आणि पेटी थांबली तरी दोघं सुटले नाहीत. पटांगणात गावची सगळी माणसं होती. धुरा कोणी चढवला हे माहीत असलेली, दोघांच्या बाजूने भांडलेली, पंच म्हणून बसलेली. तेवढ्यात माईकवर आवाज आला: भरताच्या घरून, वहिनीकडून, रामाच्या पार्टाला एक्कावन्न रुपये. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. "तीच ते," काकू म्हणाल्या. "दरसाल देते."

रविवार

फार कमी झोपून सकाळी चहाला बसलो. रस्त्यावरून राम सायकलवर गेला, कॅनला दूध. थोड्या वेळाने भरत बैल घेऊन निघाला. तो पलीकडच्या वाटेने गेला.

शेवटच्या गोलात याखेरीज दुसरा विषयच निघाला नाही. इंजिनिअर अस्वस्थ होता. त्याला ते खोटं वाटलं होतं. रात्री गळ्यात गळा आणि सकाळी वाट वेगळी, मग त्या रडण्याला अर्थ काय? पुण्याच्या ताई म्हणाल्या, नट खोटं रडत नाही, त्याला फक्त उद्याची जबाबदारी नसते. वर्धेच्या सिस्टरांना पवनार आठवलं. विनोबा १९३८ साली तिथे राहायला आले आणि शेत खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प सापडलं. धाम नदीकाठच्या आश्रमात ते आजही आहे. गुरुजी सगळ्यांचं ऐकून म्हणाले, "खोटं असतं तं येवढे लोक थंडीत काहून बसले असते? लोकायले गोष्ट तं पाठ हाये. ते या दोघायले पाहाले येतेत."

मला जे वाटलं ते मी तिथे बोलले आणि इथेही लिहिते. आम्ही शुक्रवारी मोकळे झालो कारण आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. ते दोघे भाऊ मोकळे होतात ते त्यांचं सगळं जाणणाऱ्या माणसांपुढे, आणि हे कितीतरी पटीने अवघड आहे. त्यांच्यात समेट झालेला नाही आणि कदाचित होणारही नाही. पाण्याचा प्रश्न पाण्यानेच सुटेल. पाटाची दुरुस्ती झाली, खालच्या बांधीला वेळेवर पाणी पोचलं, तर निम्मं भांडण मिटेल असं गुरुजीच म्हणाले. पण वर्षातून एका रात्री मोठा भाऊ लहान्याच्या पायाशी पडू शकतो, वहिनी नाव वाचून घेऊन बक्षीस देऊ शकते, आणि गाव ते होऊ देतं. कोणी टोमणा मारत नाही, कोणी दुसऱ्या दिवशी विषय काढत नाही. असं होऊ देणं हे त्या गावाचं कसब आहे, आणि ते पार्ट वाटून देणाऱ्या बापापासून माईकवरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी सांभाळलं आहे. गोलात बसून बोलण्याचं महत्त्व मी कमी लेखत नाही. माझ्या मते ती तालीम आहे, आणि प्रयोग घरी आहे.

शेवटी ताईंनी प्रत्येकाला आपलं काही वाचायला सांगितलं. इंजिनिअरने वहीतली चित्रं फिरवली, त्यात वडिलांच्या चपलांचं एक होतं. माझी पाळी आली तेव्हा मी कविता वाचली नाही. आधी घरी वाचते, म्हटलं. पवनीच्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मंग आम्हाला फोनवर सांगा, काय झालं ते." बुधवारी मी आई आणि भावापुढे दोन कविता वाचल्या. भावाने दुसरी पुन्हा वाचायला लावली. आई पहिल्या कवितेवर रागावली, कारण तिच्यात आजोबा आहेत, आणि त्यांच्याबद्दल आमच्यात नीट बोलणं झालं ते त्या दिवशी. बाईंना फोन केला, सगळं सांगितलं.

कोणाला झाडीपट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे नागभीड, पुढे ब्रह्मपुरी, वडसा. बसगाड्या भरपूर आहेत. वडशात कुठल्याही मंडळीच्या कार्यालयात विचारलं तर त्या रात्री कोणत्या गावात प्रयोग आहे ते लगेच सांगतात. दंडारीची मात्र जाहिरात नसते, गावात ओळख काढावी लागते. जाड घोंगडी न्या, कारण प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि मधून उठून जाणं चांगलं दिसत नाही. सुटे पैसेही ठेवा. बक्षीस द्याल तेव्हा तुमचं आणि गावाचं नाव माईकवर वाचलं जातं, आणि नागपूरचं नाव तिथे अजून फारसं ऐकू येत नाही.